लोकर बांधलेले आठ कॅन

मंगळवार, १ ऑक्टोबर १९९६

ही वही लवॉनची. एकोणीस ऑगस्टपर्यंत तिचं अक्षर आहे. पारा किती, वारा कुठून, टोमॅटो किती निघाले, चर्चच्या तळघरात कॉफीला कोण कोण आलं. एकोणीसला सकाळी तिला झटका आला, आणि पुढची पानं कोरी राहिली. कोरं पान वाया घालवायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून आजपासून मी लिहितो. परत आली की माझ्या चुका काढील. काढू दे.

ती इथून चार गल्ल्यांवरच्या शुश्रूषागृहात आहे. उजवा हात आणि पाय गेला. वाचा गेली, फक्त एक शब्द शिल्लक राहिला, 'हो'. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मला जेवढे 'हो' मिळाले नव्हते तेवढे सहा आठवड्यांत मिळाले, असं मी नर्स बर्निसला म्हणालो. ती हसली. लवॉन हसली नाही.

शनिवारी रात्री पारा अठ्ठावीस फॅरनहाइटवर उतरणार, असं रेडिओ सांगतो. बत्तीसाला पाणी गोठतं. म्हणजे शनिवारी दिवसा ट्रेलर, आमचं गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हिवाळ्यासाठी तयार करायलाच हवा. दरवर्षी ऑक्टोबरचा पहिला शनिवार त्यासाठीच असतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

लेकीचा, क्रिस्टाचा, बिस्मार्कहून फोन. जावईबापूंना हिवाळाभर अ‍ॅरिझोनात, युमाला काम मिळालं आहे. नाताळ झाला की निघणार. "बाबा, तुमचा ट्रेलर मिळेल का? भाड्याचं घर परवडणार नाही." मग म्हणाली, "आणि आता आम्ही दोघंच नाही. एप्रिलमध्ये तिसरं येतंय."

लग्नाला अकरा वर्षं झाली. दोनदा आशा लागून गेली. मी म्हटलं, ट्रेलरच काय, पाहिजे तर घर ओढून न्या. फोन ठेवला. एकही पाइप तडकलेला चालणार नाही, सगळं काम चोख करायचं, असं ठरवलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

झालं एकदाचं. कंबर मोडली, पण झालं.

हे काम दोघांचं. मी बाहेर पंपाशी कॅन धरून बसायचो, ती आत. बिनविषारी गुलाबी द्रव पंपाने पाइपात ओढायचा, म्हणजे पाइपात गोठायला पाणीच उरत नाही. ती एकेक नळ उघडायची. आधी पाणी यायचं, मग फेस, मग रंग. रंग आला की ती आतून ओरडायची, "गुलाबी!" आणि पुढच्या नळाकडे जायची. ओट्याचा गरम, ओट्याचा गार, न्हाणीचा, संडासाचा, शेवटी बाहेरचा फवारा. गल्लीतल्या लोकांना कळायचं, टॉलेफसनांकडे हिवाळा आला.

वसंतात उलटं. पाइप धुऊन काढायचे, पहिला पेला लवॉनने चाखायचा, आणि ती "हो, प्या" म्हणाली की मगच बाकीच्यांनी प्यायचं. क्रिस्टा लहान असताना पेला हातात धरून आईच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

रंग बघायचं काम माझं कधीच नव्हतं. मला गुलाबी आणि हिरवं सारखंच दिसतं, दोन्ही धुण्याच्या पाण्यासारखं मळकट. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरने त्यावरूनच मला परत पाठवलं आणि मी जन्मभर धान्याच्या कोठारावर राहिलो. टोमॅटो पिकले का हेही लवॉनच सांगते. आज मीच आत, मीच बाहेर. नळाला पाण्यापेक्षा काहीतरी दाट यायला लागलं की मीच मोठ्याने "गुलाबी!" म्हणायचो. पलीकडचा मर्लिन ग्रोथ कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "आर्लन, कुणाशी बोलतोयस?" मी म्हटलं, "तुझ्याशी नाही एवढं नक्की."

आता लिहिण्यासारखी गोष्ट. गुलाबी आणायला मी दुकानात निघालोच होतो, आणि गॅरेजमधल्या डाव्या फळीवर, बरण्यांच्या मागे, आठ कॅन भरून ठेवलेले दिसले! लेबल तेच: ट्रेलरच्या नळांसाठी, बिनविषारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रत्येकाच्या गळ्याशी लवॉनने लोकरीचा तुकडा बांधलेला, तिची ती गाठ मी कुठेही ओळखीन. झाकणंसुद्धा आधीच सैल केलेली, माझ्या बोटांचा संधिवात तिला ठाऊक आहे ना. झटका यायच्या आधी तिने माझी हिवाळ्याची सोय करून ठेवली. मी फळीला धरून रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही.

एरवी दोन कॅन पुरतात. या वेळी पंप पीतच राहिला. आठही संपवले. द्रव गीझरमध्ये न शिरता पुढे जावा म्हणून तिथला व्हॉल्व्ह वळवायचं काम तिचं असायचं, बाकाखाली आडवं होऊन. मला काही तिथे वाकता आलं नाही. गीझर भरला असेल तर भरला. जास्त झालं तर बिघडत नाही.

बाहेरच्या फवाऱ्याखाली बरंच सांडलं. टफीने चाटून चाटून जमीन कोरडी केली. गोड असतं म्हणे. बिनविषारी आहे, चाटू दे. तेरा वर्षांच्या कुत्र्याला दुसरी मजा काय असते!

रविवार, ६ ऑक्टोबर

चर्चहून थेट लवॉनकडे गेलो. म्हटलं, "ट्रेलर तयार. डाव्या फळीवरचे तुझे आठ कॅन सापडले. सगळे घातले. आणि क्रिस्टा त्यात राहणार आहे, बाळासकट!"

तिने डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. "हो. हो. हो हो हो हो." डोळ्यांतून धारा. मलाही भरून आलं. नातवंडाची बातमी, दुसरं काय. बर्निसने येऊन तिला औषध देऊन झोपवलं.

टफी आज दारू प्यायल्यासारखा चालतो आहे. पाण्याची वाटी तीनदा भरली.

सोमवार, ७ ऑक्टोबर

टफी बरा आहे. म्हातारपण.

बुधवार, ९ ऑक्टोबर

टफी गेला. काल संध्याकाळपासून ओकत होता, लघवी बंद. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीचा कूलंट कुठे सांडला होता का? कुत्र्यांना तो गोड लागतो आणि मूत्रपिंडं संपवतो." मी म्हटलं, माझ्या गॅरेजात कूलंटचा थेंब नाही. मेव्हण्याने, ऑर्विलने, जुलैत ट्रॅक्टर विकला तेव्हा त्याच्याकडे अर्धं पिंप उरलं होतं खरं. मी मोतीबिंदूसाठी फार्गोला होतो, तेव्हा लवॉनने जाऊन त्याची शेड आवरली. पिंप मी नंतर रिकामंच पाहिलं, म्हणजे देऊन टाकलं असेल कुणाला. डॉक्टर म्हणाले, "मग उंदराचं औषध असेल. शेजाऱ्यांना विचारा."

टफीला लायलॅकच्या झुडपाखाली पुरलं. जमीन वरून कडक झाली आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

मर्लिनला विचारलं. उंदराचं औषध ठेवतो, पण कोठीत, कुलुपात, असं म्हणाला. मी म्हटलं, कुलूप तुझ्या कोठीला आहे की तुझ्या तोंडाला? तो म्हणाला, "आर्लन, तीस वर्षांत तुझ्या कुत्र्याला मी हाडंच घातली." मी म्हटलं, एखाद्या हाडावर काय होतं ते तुलाच ठाऊक. तो फाटक लावून आत गेला. गेला तर गेला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

जोडी नावाची पोरगी लवॉनला बोलायला शिकवते. आज मला बाजूला घेऊन म्हणाली, "आर्लन, एक लक्षात ठेवा. त्यांचा 'हो' म्हणजे 'हो' असेलच असं नाही. त्यांना 'नाही' म्हणायचं असलं तरी तोंडातून 'हो'च निघतं. मान हलवतात तीसुद्धा भलतीकडे. त्यांना ते कळतं, म्हणून जास्त त्रास होतो."

मी म्हटलं, बाई, तुझं वय किती? सव्वीस. माझं लग्न तुझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठं आहे. तिचा 'हो' मला कळतो.

बर्फ पडलं, चार बोटं. ट्रेलरवर ताडपत्री ओढली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लवॉनचं काहीतरी बिनसलं आहे. मी आलो की पेन्सिल मागते आणि डाव्या हाताने रेघोट्या मारते. आज कागद फाटेस्तोवर मारल्या. कॅनसारखं काहीतरी वाटलं, की घर? मी म्हटलं, "घरी जायचंय?" म्हणाली, "हो." तिने पेन्सिल भिंतीवर फेकली.

नंतर जेवण आलं. बर्निस म्हणाली, "बघा, तुमची आवडती हिरवी जेली." लवॉनने वाटी उचलली, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि अख्खी वाटी माझ्या मांडीवर उलटी केली. नवी विजार! मी रागावलो. काहीतरी बोललो, ते इथे लिहीत नाही. घरी आलो तर टफी नाही, मर्लिन बोलत नाही. भाजलेल्या बटाट्यांचं भांडं गरम केलं आणि न खाताच झाकून ठेवलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

क्रिस्टा आणि जावई डॅरिल थँक्सगिव्हिंगच्या सणाला आले. पोट दिसायला लागलं आहे. टर्की घेऊन तिघं लवॉनकडे गेलो. तिने क्रिस्टाच्या पोटावर हात ठेवला आणि काढेचना.

क्रिस्टाने लोकर आणली होती, आई एका हाताने निदान गुंडे तरी करील म्हणून. लवॉनने पिशवीतून एक गुंडा काढून जमिनीवर फेकला. क्रिस्टाने उचलून दिला. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा थेट माझ्या तोंडावर. मग दुसरा एक उचलून छातीशी घट्ट धरला. दोन्ही मला सारखेच दिसले.

"आईला हिरवा नको, गुलाबी हवाय," क्रिस्टा म्हणाली. "म्हणजे मुलगी होणार! हो ना आई?"

"हो," लवॉन म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली. डॅरिल म्हणाला, "झालं, भिंतींचा रंग ठरला." आम्ही सगळे हसलो. निघताना दारातून वळून क्रिस्टा म्हणाली, आई आता हिरवा गुंडा मुठीत आवळून बसली आहे. मघाशी नको होता तो आता कशाला हवा, कोण जाणे. त्या शुश्रूषागृहात तीन महिने काढल्यावर माणसाचं काय होत असेल, असं मनात आलं आणि वाईट वाटलं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सकाळी नऊला ट्रेलर निघाला. पारा शून्याखाली अकरा. मी डॅरिलला तीनदा सांगितलं: वाटेत पाण्याला हात लावायचा नाही, प्यायला बाटल्या, संडासात ओतायला गुलाबी वाटेतच विकत घ्यायचं. युमाला थंडी नाही, तिथे पाइप धुवायचे, गीझर पेटवायचा, मग नळ वापरायचे. "आणि धुताना पाच मिनिटं पाणी सोडलंस की पुरे. तिथे पाणी मोजून देतात, आणि हे बिनविषारीच आहे." डॅरिल म्हणाला, "बाबा, तुम्ही मुलगी देताना एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या."

क्रिस्टा म्हणाली, "सोमवारी पाचच्या सुमाराला तिथल्या ट्रेलरांच्या छावणीतल्या फोनवरून आईला फोन करते. पहिला पेला तिच्या 'हो'शिवाय कसा प्यायचा? निदान तो शब्द तरी तिला येतो."

मला ते फार आवडलं. लवॉनला जाऊन सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले आणि मी जाईपर्यंत उघडले नाहीत.

सोमवार, ३० डिसेंबर

क्रमाने लिहितो.

काल दिवसभर हिमवादळ. आज दुपारी चारनंतर थांबलं. दार उघडलं तर मर्लिन यंत्र घेऊन माझ्या अंगणातलं बर्फ काढत होता. अडीच महिने बोललो नव्हतो. मी कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. त्याने कॉफीचा मग घेतला, आभार मानले नाहीत, मीही मानले नाहीत. बरोबरी झाली.

तो फळीकडे बघत होता. लोकर बांधलेले ते आठ रिकामे कॅन मी ठेवून दिले होते. लवॉनच्या हातचे, कसे टाकायचे?

"आर्लन," तो म्हणाला, "तुझ्या गाडीचा रेडिएटर फुटला होता की काय?"

"का?"

"आठ कॅन कूलंट कुठे गेला?"

"कूलंट नाही तो. ट्रेलरचं गुलाबी आहे. लेबल वाच, चष्मा असला तर."

त्याने एक कॅन उचलून उजेडात तिरका धरला. "लेबल राहू दे. तळाला उरलंय ते हिरवं आहे. चांगलं गडद हिरवं, ट्रॅक्टरमध्ये घालतात तसलं." मग त्याने गळ्याची गाठ बोटाने वर केली. "लोकरही हिरवीच आहे. हे काय ते?"

मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला, कारण माझे डोळे त्याला ठाऊक आहेत. तो हळूच म्हणाला, "आर्लन, हे कुठे घातलंस?"

ऑर्विलचं पिंप. गुलाबीचा एकही रिकामा कॅन न टाकता त्यात दुसरं काही भरून ठेवणारी लवॉन. डाव्या फळीवर मागे ठेवलेलं, हिरव्या लोकरीने खूण केलेलं, स्वतःसाठी, कारण वस्तू काढून माझ्या हातात द्यायची ती तीच. टफी. कागदावरचे कॅन, मांडीवरची जेली, तोंडावर मारलेला गुंडा. आणि गीझर, गळ्यापर्यंत भरलेला, पाच मिनिटांत काही धुतला जाणार नाही असा.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. क्रिस्टाच्या छावणीचा नंबर माझ्याकडे नाही. शुश्रूषागृहाला फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तेव्हा मला कळलं की तिकडे कोण कुणाशी बोलतं आहे, मुलगी आईला काय विचारते आहे, आणि आईच्या तोंडात कोणता एकच शब्द उरला आहे. मर्लिनने मला काखेत धरून त्याच्या ट्रकमध्ये कोंबलं. चार गल्ल्या. मी वाटभर मोठ्याने देवाला काय म्हणत होतो ते त्याला ठाऊक, आणि तो कुणाला सांगणार नाही.

फोन मधल्या बोळात भिंतीवर आहे. त्याखाली लवॉनची चाकांची खुर्ची. बर्निस रिसीव्हर तिच्या कानाला लावून वैतागून उभी होती.

"बरं झालं आलात. मुलगी कधीची विचारतेय, 'आई, पिऊ का? आई, हो म्हण ना.' एवढासा शब्द! दिवसभर हो हो करतात, आणि आज तोंड उघडतील तर शपथ. हात काढायला गेले तर मला चावल्या!"

लवॉनने डावा हात तोंडात कोंबला होता. अंगठ्याच्या मुळाशी दात रुतलेले, मनगटावर रक्ताचा ओघळ. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या घशातून आवाज येत होता, पण शब्द तिने बाहेर पडू दिला नव्हता.

मी रिसीव्हर ओढला. "क्रिस्टा, पिऊ नकोस! तोंडाला लावू नकोस!"

"बाबा? काय झालं? आई ठीक आहे ना?"

"प्यालीस का?"

"नाही हो. कोको केलाय गरम नळाच्या पाण्याचा, तो मग घेऊनच उभी आहे. आई बोलेचना, मला भीतीच वाटली. थंड झाला सगळा. बाबा, तुम्ही रडताय का?"

"डॅरिल?"

"त्याला कोको कुठला आवडतो! तो बीअर उघडून बसलाय. बाबा, पाइपातून पहिल्यांदा हिरवं आलं. मला वाटलं, तुम्ही या वर्षी नवीन काहीतरी आणलंत."

सगळं सांगितलं. हातातला कोकोचा मग ओतायचा, नळ बंद, बाटलीचंच पाणी, उद्या माहितगार माणूस बोलवायचा. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आईला फोन द्या." आईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. लवॉन हात तोंडात तसाच ठेवून ऐकत होती.

बर्निस मलमपट्टी आणायला गेली. मर्लिन दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्याशी टफीबद्दल बोलायचं आहे, ते उद्या.

मी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसलो. म्हटलं, "लवॉन, ऑक्टोबरपासून तू मला हेच सांगत होतीस?"

तिने तोंडातून हात काढला.

"हो," ती म्हणाली.